३८७ पैकी ३०९

आधी नुसता हिशेब बघा. संघाच्या धावा ३८७. त्यातल्या ३०९ एकट्या माणसाच्या. २१ त्याच्या सख्ख्या भावाच्या. राहिलेले नऊ खेळाडू आणि अवांतर धावा मिळून ५७. एवढं होऊनही तो संघ हरला, आणि हरला तोही एक डाव आणि ६१ धावांनी.

हा धावफलक पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली. १०९ च्या जागी ३०९ पडलं असावं, असं समजून मी बेरीज करून पाहिली. बेरीज जुळली. मग पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत बसलो. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण ते आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. म्हणून आज ते तुमच्यासमोर उलगडून ठेवतो.

साल १९४३, महिना डिसेंबर. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होता. एका बाजूला हिंदू संघ, दुसऱ्या बाजूला ‘द रेस्ट’. आणि त्या ३०९ धावा करणारा होता सांगलीत जन्मलेला, एका शिक्षकाचा मुलगा. विजय सॅम्युएल हजारे.

‘द रेस्ट’ या नावापाशी जरा थांबू या. त्या काळी मुंबईत धर्मावर संघ पाडून क्रिकेट खेळलं जायचं. सुरुवात युरोपियन आणि पारशी यांच्यात झाली. १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली मुस्लिम आले आणि सामने चौरंगी झाले. १९३७ साली पाचवा संघ घेतला गेला. त्यात भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे सगळे, कधी कधी सिलोनचा एखादा खेळाडूही. चारांपैकी कुठल्याच रकान्यात जे बसत नव्हते ते सगळे या पाचव्या रकान्यात. मराठीत सरळ सांगायचं तर ‘उरलेले’. हजारे मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबातले, म्हणून ते उरलेल्यांत. महात्मा गांधींनी १९४० सालीच अशा जातीय सामन्यांविरुद्ध मत दिलं होतं, तरी स्पर्धा आणखी काही वर्षं चालली आणि १९४६ मध्ये कायमची बंद पडली. ती बंद पडली हे चांगलंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण उरलेल्यांचा संघ स्पर्धेच्या शेवटापर्यंत एकदाही विजेता झाला नाही, हेही त्याच इतिहासात लिहिलेलं आहे.

अशा संघाकडून हजारे खेळत होते. त्या मोसमात त्यांच्या बॅटला काय झालं होतं कोण जाणे. आधी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा, स्पर्धेतला नवा उच्चांक. मग अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० केल्या. दोनच धावांनी हजारे यांचा उच्चांक मोडला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. उरलेल्यांचा पहिला डाव १३३ वर आटोपला. त्यातल्या ५९ हजारे यांच्या, म्हणजे तिथेही जवळजवळ निम्म्या. फॉलोऑन मिळाला, ४४८ धावांची पिछाडी, आणि पुन्हा पॅड बांधून मैदानात. त्याच डावात ३०९. मर्चंट यांचा काही दिवसांचाही न झालेला उच्चांक त्याच सामन्यात मोडीत निघाला. दोन विजयांची ही चढाओढ पुढेही थांबली नाही. त्याच मोसमात मर्चंट यांनी रणजी सामन्यात मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या.

३८७ पैकी ३०९ म्हणजे शंभरातल्या ऐंशी. याची कल्पना यावी म्हणून एक तुलना देतो. १८७७ साली मेलबर्नला जगातला पहिला कसोटी सामना झाला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बॅनरमन यांनी संघाच्या २४५ पैकी १६५ धावा केल्या होत्या, शंभरातल्या सदुसष्ट. त्या विक्रमाचं कौतुक आजही होतं. पुढे १९७७ साली न्यूझीलंडचे ग्लेन टर्नर कौंटी सामन्यात संघाच्या १६९ पैकी १४१ धावा करून ऐंशीच्याही पुढे गेले. पण तो डाव लहान होता. तीनशेच्या वर एकट्याने करायच्या आणि तरी वाटा ऐंशी टक्के राखायचा, याला वेगळीच छाती लागते.

आता मुख्य कोड्याकडे वळू. हे घडलं कसं? पाच गडी बाद झाल्यावर विजय आणि विवेक हे हजारे बंधू एकत्र आले आणि सहाव्या विकेटसाठी ३०० धावांची भागीदारी झाली. डावातल्या बाकी सगळ्या भागीदाऱ्या मिळून ८७ धावांच्या. आणि या ३०० मध्ये विवेक यांच्या धावा फक्त २१.

या एकवीसवर बहुतेकांची नजर घसरते आणि ३०९ वर जाऊन बसते. मीही त्यांच्यातलाच होतो. मला एकवीसचा अर्थ आमच्या जिल्ह्यातल्या एका मैदानावर कळला.

आमच्याकडे दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टर, ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात ती उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीत. गावाच्या क्रिकेट संघातले तगडे गडी त्यांच्याबरोबर जातात. हिवाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात तेव्हा अशा गावांचा संघ म्हणजे खरोखरच उरलेल्यांचा संघ असतो. शाळेतली पोरं, एखादा दुकानदार, एखादा कंडक्टर. अशाच एका स्पर्धेत मी गुणलेखक म्हणून टेबलावर होतो. आठ षटकांचा सामना. एका गावाकडे एकच चांगला फलंदाज होता, वय सतरा-अठरा. समोर शेवटचा गडी म्हणून उभा होता नववीतला एक पोरगा, पायात शाळेचे काळे बूट.

मोठ्या मुलाने काय केलं ते मी जवळून पाहिलं. पहिल्या पाच चेंडूंत तो दोन धावा घ्यायचा, नाहीतर चौकार मारायचा, नाहीतर सरळ थांबायचा. सहज मिळणारी एक धाव दिसली तरी हात वर करून पोराला परत पाठवायचा. सहाव्या चेंडूवर मात्र काही झालं तरी एक धाव. षटक संपलं की टोक बदलतं. शेवटच्या चेंडूवर एक धाव निघाली तर पुढच्या षटकाचा पहिला चेंडू पुन्हा त्यालाच. माझ्या वहीत त्याच्या नावासमोर ४, २, ठिपका, २, ठिपका, १ अशा ओळी पडत होत्या आणि पोराच्या नावासमोरची जागा कोरी होती. मग एकदा सहाव्या चेंडूवर धाव निघाली नाही. पोरगा स्ट्राइकवर आला. सगळं क्षेत्ररक्षण लांडग्यांसारखं त्याच्याभोवती गोळा झालं. त्याने सहाही चेंडू अडवले. एक बरगडीवर लागला, तो चोळत पुन्हा उभा राहिला. माझ्या वहीत त्या षटकासमोर सहा ठिपके पडले. मैदानावर कुणी टाळी वाजवली नाही.

त्या सहा ठिपक्यांनी मला विवेक हजारे यांच्या एकवीस धावा समजावून सांगितल्या.

क्रिकेटमध्ये एका फलंदाजाला स्ट्राइक आपल्याकडे ठेवता येते, ही या खेळाची मोठी खुबी आहे. पण ती फुकट मिळत नाही. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी असते हे गोलंदाजाला आणि कर्णधारालाही माहीत असतं, त्यामुळे तेव्हा क्षेत्ररक्षक आत येतात. आधीच्या पाच चेंडूंवर उलट, ते सीमेवर पसरतात, की घे बाबा एक धाव आणि जा त्या टोकाला. म्हणजे मुख्य फलंदाजाला सोप्या धावा नाकाराव्या लागतात. ३०९ दिसतात, पण नाकारलेल्या धावा कुठल्याच फलकावर दिसत नाहीत. दुसरी गोष्ट, कितीही कसब असलं तरी प्रत्येक षटकात हे जमत नाही. तीनशे धावांची भागीदारी तासन्‌तास चालते. तेवढ्या वेळात समोरच्याला कित्येक षटकं तोंड द्यावं लागतं, आणि ती षटकं सर्वांत अवघड असतात, कारण बाद करायचं आहे ते त्यालाच, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या क्षणी तो जातो त्या क्षणी भागीदारी संपते. विजय यांनी मैदानभर फटके मारले हे खरं. पण विवेक यांनी आपल्या बॅटभोवती उभ्या असलेल्या हातांमध्ये एकही झेल जाऊ न देता वेळ काढला, म्हणून ते फटके मारायला वेळ मिळाला.

ऊसतोडीच्या भाषेत ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. एक कोयता म्हणजे एक जोडपं. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे दोघांना मिळून. फडात एक जण ऊस तोडत पुढे जातो, दुसरी पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. कारखान्याच्या काट्यावर फक्त टन दिसतात. कुणी किती वेळा वाकलं ते काटा सांगत नाही. बीडच्या माणसाला हजारे बंधूंच्या भागीदारीचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. तो पूर्ण एक कोयता होता.

हजारे यांच्या वाट्याला असे डाव पुन्हापुन्हा आले, हे त्यांच्या आयुष्यातलं मला सर्वांत विलक्षण वाटतं. १९४७-४८ साली स्वतंत्र भारताचा पहिला क्रिकेट दौरा ऑस्ट्रेलियात गेला. समोर ब्रॅडमन यांचा संघ. जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या, त्यात ब्रॅडमन यांच्या २०१. भारताच्या पहिल्या डावात हजारे यांच्या ११६ आणि दत्तू फडकर यांच्या १२३, तरी एकूण ३८१. फॉलोऑन. दुसऱ्या डावात रे लिंडवॉल यांचा वेगवान मारा अंगावर आला, सात बळी ३८ धावांत. भारताचे सहा फलंदाज शून्यावर गेले. आणि त्याच डावात हजारे १४५. संघाच्या २७७, त्यातल्या निम्म्याहून जास्त त्यांच्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारा पहिला भारतीय म्हणून त्यांचं नाव इतिहासात गेलं. सामना भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. मालिका ४-० अशी गेली. त्याच दौऱ्यात ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडवणारेही हजारेच होते, हे जाता जाता.

मग १९५२ चा इंग्लंड दौरा. या वेळी हजारे कर्णधार. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला फलकावर जे लागलं ते भारतीय क्रिकेटने कधी विसरू नये: शून्य धावा, चार गडी बाद. फ्रेड ट्रूमन नावाचा नवखा वेगवान गोलंदाज पहिलीच कसोटी खेळत होता. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर एकही धाव फलकावर लागायच्या आत परतले होते. पहिल्या डावात याच मांजरेकरांनी १३३ केल्या होत्या आणि हजारे यांनी ८९. दुसऱ्या डावात त्या शून्यातून हजारे यांच्या ५६ आणि फडकर यांच्या ६४ उभ्या राहिल्या. भारत मालिका हरला. कर्णधाराची सरासरी राहिली ५५.५०.

हजारे लाजाळू, अबोल होते. उभं राहण्याची पद्धत चारचौघांसारखी नव्हती, बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरलेली. ऑस्ट्रेलियाचे थोर लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट त्यांना शिकवायला लाभले, आणि त्यांनी ती पद्धत बदलायला लावली नाही. चांगल्या गुरूचं हे लक्षण मला फार आवडतं. या माणसाने पुढे प्रथम श्रेणीत १८,७४० धावा आणि ६० शतकं केली. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून गुल महंमद यांच्याबरोबर ५७७ धावांची भागीदारी रचली. त्या भागीदारीत दोन्ही टोकांनी धावा आल्या; डावाच्या शेवटी गुल महंमद यांच्या ३१९, हजारे यांच्या २८८. ती जागतिक उच्चांक म्हणून २००६ पर्यंत टिकली.

आता थोडं दूर जाऊ, कारण हाच चमत्कार दुसऱ्या खेळात वेगळं रूप घेतो आणि त्यामुळे क्रिकेटमधला चमत्कार जास्त स्पष्ट दिसतो. अमेरिकेत बेसबॉल आहे. आपल्याकडे शाळांतून तो थोडाफार खेळला जातो, पण न पाहिलेल्यांनी विटीदांडूवरून कल्पना करावी: चेंडू हवेतून येतो, हातात गोल दांडा, आणि टप्पा पडायच्या आत टोलवायचं. संघात नऊ फलंदाज, आणि त्यांचा क्रम ठरलेला. तुम्ही टोलवा, बाद व्हा किंवा तळावर जाऊन उभे राहा, पुढची पाळी पुढच्याची. नऊ जणांचा फेरा पूर्ण झाल्याशिवाय तुम्ही परत येऊ शकत नाही. म्हणजे जगातला सर्वोत्तम फलंदाज असला तरी एका सामन्यात त्याच्या पाळ्या साधारण चार. स्ट्राइक राखणं नाही, शेवटच्या चेंडूवर एक धाव नाही. आणि चेंडू मैदानाबाहेर टोलवला, त्याला ते होम रन म्हणतात, तरी तळांवर आपला कुणी उभा नसेल तर मिळते एकच धाव. तीन जण उभे असतील तर चार. फटका तोच, पण त्याची किंमत आधीच्या तिघांनी काय केलं यावर ठरते.

या नियमांत अडकलेल्या एका माणसाचं नाव आहे अर्नी बँक्स. शिकागो कब्ज या संघाचा. १९५८ साली त्याने ४७ होम रन मारले, १९५९ साली ४५. त्या दुसऱ्या वर्षी त्याच्या फटक्यांवर १४३ धावा आल्या. त्याचा संघ दोन्ही वर्षी जिंकला त्यापेक्षा जास्त हरला, १९५९ ला ७४ विजय आणि ८० पराभव. तरीही दोन्ही वर्षी नॅशनल लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून खेळपत्रकारांनी त्यालाच निवडलं. सगळी कारकीर्द तो एकाच संघात राहिला, २,५२८ सामने खेळला, ५१२ होम रन मारले. आणि मोसम संपल्यावर विजेतेपदासाठी जे सामने होतात त्यांतला एकही सामना त्याला कधी खेळायला मिळाला नाही. त्याच संघात १९८७ साली आंद्रे डॉसन आला. सही केलेला कोरा करार त्याने संघापुढे ठेवला, रक्कम तुम्ही भरा म्हणाला. त्या मोसमात त्याने ४९ होम रन मारले. संघ आपल्या गटात तळाला राहिला, आणि सर्वांत मोलाचा खेळाडू पुन्हा त्याच तळाच्या संघातून निवडला गेला.

बँक्स कितीही मोठा असला तरी संघाच्या ऐंशी टक्के धावा एकट्याने आणणं त्याला शक्य नव्हतं. त्याचा खेळच ते होऊ देत नाही. क्रिकेट होऊ देतं, पण एका अटीवर. समोरच्या टोकाला कुणीतरी हवा. वेस्ट इंडीजचा ब्रायन लारा २००१ साली श्रीलंकेत तीन कसोटींत ६८८ धावा करून आला, संघाच्या एकूण धावांच्या ४२ टक्के. तिन्ही कसोटी वेस्ट इंडीज हरला. शेवटच्या कसोटीत २२१ आणि १३० करूनही दहा गड्यांनी हार. लाराकडे त्या दौऱ्यात विवेक हजारे नव्हता, असं मी मनाशी म्हणतो.

बीडला या दुसऱ्या टोकाचा वारसा आहे, आणि तो मला आवर्जून सांगायचा आहे. संजय बांगर यांचा जन्म बीडचा, १९७२ चा. ऑगस्ट २००२ मध्ये लीड्सला, जिथे पन्नास वर्षांपूर्वी शून्यावर चार गेले होते त्याच मैदानावर, ढगाळ हवेत आणि ओलसर खेळपट्टीवर बांगर सलामीला उतरले. २३६ चेंडूंत ६८ धावा. राहुल द्रविड यांच्याबरोबर १७० ची भागीदारी. पुढे द्रविड १४८, सचिन तेंडुलकर १९३, सौरव गांगुली १२८. भारत एक डाव आणि ४६ धावांनी जिंकला. तीन मोठी शतकं सगळ्यांना आठवतात. त्या शतकांच्या आधी सकाळचा नवा चेंडू कुणी अंगावर घेतला होता, हे बीडकरांनी तरी विसरू नये.

आणि आत्ताआत्ताचा सचिन धस. बीडमधल्या अर्ध्या लांबीच्या टर्फ खेळपट्टीवर सराव करून वाढलेला हा मुलगा ६ फेब्रुवारी २०२४ ला दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला १९ वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी खेळत होता. २४५ चं लक्ष्य, आणि भारत ४ बाद ३२. तिथून कर्णधार उदय सहारणबरोबर १७१ धावांची भागीदारी. सचिनच्या ९६, उदयच्या ८१. भारत दोन गड्यांनी जिंकला. त्या रात्री बीडमध्ये जो जल्लोष झाला त्याचा आवाज अजून कानात आहे. पाच दिवसांनी अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला ७९ धावांनी हरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी चौकात ऐकलं, “हरले ना शेवटी!” मला फार वाईट वाटलं. त्या ९६ धावा त्या पराभवाने एकानेही कमी झालेल्या नाहीत.

आमच्या मैदानावरचा तो सामना त्या गावाने हरला. सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलाने संघाच्या दर चारांतल्या तीन धावा एकट्याने केल्या होत्या, पण सामनावीराची ट्रॉफी जिंकलेल्या संघात गेली, कारण आयोजकांच्या मते ट्रॉफी जिंकणाऱ्यालाच द्यायची असते. बक्षीस समारंभ झाल्यावर मंडप उतरवताना कुणीतरी माझी वही उचलली आणि हरलेल्या संघाची पानं फाडून वडापाव गुंडाळायला घेतली. मी धावत जाऊन ती परत घेतली. सहा ठिपक्यांचं पान तेलाने डागाळलं होतं, पण वाचता येत होतं. अजूनही येतं.

हजारे यांच्या वाट्याला विजयही आला. फेब्रुवारी १९५२ मध्ये चेन्नईला, तेव्हाच्या मद्रासला, भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं. आपल्या पंचविसाव्या कसोटीत, पहिली कसोटी खेळल्यावर वीस वर्षांनी, भारताचा हा पहिला कसोटी विजय. विनू मंकड यांनी बारा बळी घेतले. शतकं पंकज रॉय आणि पॉली उमरीगर यांची. कर्णधार हजारे. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ ला वडोदऱ्यात ते गेले. आज देशातल्या राज्यसंघांची एकदिवसीय स्पर्धा त्यांच्या नावाने, विजय हजारे करंडक म्हणून, खेळली जाते.

या हिवाळ्यात तुमच्या गावात स्पर्धा भरेल. टोळ्या गेलेल्या असतील, उरलेल्यांचे संघ उतरतील. गुणलेखकाच्या टेबलावर एक चांगली जाड वही ठेवा, प्रत्येक चेंडूचा ठिपका त्यात मांडा, आणि स्पर्धा संपली की हरलेल्या संघाची पानंही शाळेच्या कपाटात जपून ठेवा.